न जळणारा तंतू

घराचे छप्पर पाहावे आणि त्या मुलखाचे हवामान ओळखावे, असे पूर्वी म्हणता येत असे. कोकणात उतरती कौलारू छपरे, देशावर धाब्याची घरे, डोंगराळ भागात गवताने शाकारलेल्या झोपड्या. जेथे जे पिकते व जेथे जसा पाऊस पडतो तेथे तसे छप्पर. गेल्या शतकात मात्र एका वस्तूने ही ओळख पार पुसून टाकली. करड्या रंगाचा, लाटालाटांचा, जाडसर असा पन्हळी पत्रा मुंबईच्या चाळींवर चढला, गिरण्यांवर व गोदामांवर चढला, खेड्यातील गोठ्यावर चढला आणि पुष्कळ ठिकाणी शाळेवरही चढला. लोक त्याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात. नाव अर्धेच खरे आहे. त्यात सिमेंट असते हे खरे, परंतु नुसत्या सिमेंटचा इतका पातळ पत्रा करू गेल्यास तो उचलताच मोडेल. त्याला बळकटी येते ती त्यात मिसळलेल्या एका तंतूमुळे. तो तंतू म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस.

हा तंतू कापसासारखा झाडावर येत नाही की रेशमासारखा किड्याच्या पोटातून निघत नाही. तो खडकात सापडतो. हातात घेतलेला दगड नखाने खरवडावा आणि त्यातून लोकरीसारखे धागे सुटावेत, असा हा विलक्षण खनिज आहे. ह्या धाग्यांचे सूत कातता येते, कापड विणता येते, आणि ते कापड विस्तवात टाकले तरी जळत नाही. ग्रीक भाषेतील त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘न विझणारा’ असा आहे. आपल्याकडील जुन्या कोशांत त्याला ‘शंखपलिता’ असा एक सुरेख शब्द आढळतो. पलिता म्हणजे वात. दिव्यातील तेल संपावे पण वात जळून जाऊ नये, अशी ही वात.

आणि खरोखरच तिचा असा उपयोग होत असे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील पौसानिअस नावाच्या ग्रीक प्रवाशाने अथेन्स येथील अथीना देवीच्या सोन्याच्या दिव्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या दिव्यात वर्षातून एकदाच तेल भरीत, आणि अग्नीने न जळणाऱ्या तंतूची वात त्यात असे, असे तो सांगतो. तेराव्या शतकात मार्को पोलो आशिया खंडात हिंडत असता त्यालाही असे कापड दिसले. ते मळले म्हणजे पाण्यात न धुता आगीत टाकीत आणि ते शुभ्र होऊन बाहेर निघे. अग्नीत राहणाऱ्या एका प्राण्याच्या लोकरीपासून ते बनते, अशी युरोपातील लोकांची समजूत होती. मार्को पोलोने ती खोडून काढली. हे धागे डोंगरातून खणून काढतात, असे त्याने स्वच्छ लिहिले. मोठमोठ्या थापा मारणारा म्हणून ज्याची अनेकांनी थट्टा केली, त्या प्रवाशाने ही गोष्ट मात्र अगदी खरी सांगितली होती.

अशी ही नवलाची वस्तू शतकानुशतके राजेरजवाड्यांच्या कुतूहलाचा विषय होऊन राहिली. पुढे वाफेची यंत्रे आली. त्यांचे तापलेले नळ व बाष्पपात्रे गुंडाळण्यासाठी न जळणारे वेष्टन हवे होते, आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी धडाक्याने सुरू झाल्या. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियातील लुडविग हाट्शेक ह्या कारखानदाराने सिमेंट, पाणी आणि अ‍ॅस्बेस्टॉस ह्यांच्या राबड्यापासून पातळ पण टणक पत्रे करण्याची युक्ती शोधून काढली. कागद जसा लगद्यापासून थरावर थर देऊन करतात, तशीच ही कृती आहे. शंभर भाग पत्र्यात साधारणतः आठ ते पंधरा भाग अ‍ॅस्बेस्टॉस आणि बाकी बहुतेक सिमेंट असते. हा पत्रा गंजत नाही, कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आग लागत नाही, आणि त्याची किंमत गरिबाला परवडते. १९३० नंतरच्या दशकात आपल्या देशातही त्याचे कारखाने निघाले. लोखंडाच्या पत्र्याखाली वैशाखात भट्टीसारखे होते व पावसात तर एकमेकांचे बोलणेही ऐकू येत नाही. त्या मानाने हा पत्रा पुष्कळ सुखाचा. ज्यांनी तो आपल्या घरावर घातला त्यांना दोष देण्याचे काहीच कारण नाही. त्यांना जे ठाऊक होते त्यावरून त्यांनी शहाणपणाचीच निवड केली.

जे ठाऊक नव्हते, किंवा ज्यांना ठाऊक होते त्यांनी जे बोलून दाखविले नाही, ते असे.

इंग्लंडमधील रॉचडेल ह्या गावी नेली केर्शॉ नावाची एक स्त्री अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातण्याच्या कामावर होती. तिला धाप लागू लागली, खोकला जडला, आणि शेवटी काम सुटले. मालकांनी तिला कसलीही भरपाई दिली नाही. १९२४ च्या मार्च महिन्यात ती वारली. तेव्हा तिचे वय अवघे तेहतीस वर्षांचे होते. डॉ. विल्यम कुक ह्यांनी तिची फुफ्फुसे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा त्यांत जागोजाग व्रणासारखे कठीण झालेले भाग आणि त्यांमध्ये रुतून बसलेले खनिजाचे कण त्यांना दिसले. ह्या रोगाला त्यांनी १९२७ साली ‘अ‍ॅस्बेस्टॉसिस’ असे नाव दिले. सरकारी चौकशी होऊन १९३१ साली ब्रिटनमध्ये कारखान्यांतील धुळीविषयी पहिले नियम झाले. नेलीला त्यांचा उपयोग नव्हता, परंतु तिच्या फुफ्फुसांनी दिलेली साक्ष वाया गेली नाही.

आता ही इजा होते कशी, ते पाहू. लाकूड फोडले तर त्याच्या ढलप्या निघतात. अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा मात्र आडवा न मोडता उभा चिरत जातो. एका धाग्याचे दहा, दहाचे शंभर, असे करता करता तो इतका सूक्ष्म होतो की माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे शेकडो धागे सहज मावतील. असा तंतू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, तो नाकात खुपत नाही. स्थिर हवेतही तो कित्येक तास तरंगत राहतो. आपल्या नाकातील केस आणि श्वासनलिकेतील चिकट द्रव साधी धूळ अडवून धरतात, पण हा बारीक तंतू त्यांना चुकवून थेट फुफ्फुसांच्या तळाशी, वायुकोशांपर्यंत जाऊन पोहोचतो. तेथे शरीराचे पहारेकरी असतात. बाहेरून आलेल्या कणाला गिळून पचविणाऱ्या ह्या पेशी तंतूवर तुटून पडतात. परंतु तो त्यांच्यापेक्षा लांब असतो व दगडाचाच असल्यामुळे पचत नाही. पेशी मरतात, तंतू राहतो. पुन्हा नव्या पेशी येतात, पुन्हा तेच. वर्षानुवर्षे चाललेल्या ह्या झटापटीत फुफ्फुसाचा मऊ भाग व्रणांनी भरून जातो, आणि स्पंजासारखे असलेले ते इंद्रिय ताठर होते. काही जणांना पुढे फुफ्फुसाचा कर्करोग होतो; आणि जो विडी-सिगारेट ओढतो त्याच्या बाबतीत हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. फुफ्फुसाभोवती जे पातळ आवरण असते त्यालाही एक विशिष्ट कर्करोग होतो. हा रोग अ‍ॅस्बेस्टॉसखेरीज क्वचितच आढळतो.

ह्या रोगांचा सर्वांत दगलबाज गुण म्हणजे त्यांचा सावकाशपणा. आज नाकात गेलेला तंतू आपला परिणाम दहा, वीस, कधी कधी चाळीस वर्षांनंतरही दाखवितो. दक्षिण आफ्रिकेत डॉ. वॅगनर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९६० साली ह्या आवरणाच्या कर्करोगाचे तेहतीस रुग्ण नोंदविले. त्यांपैकी काही जणांनी खाणीत एक दिवसही काम केलेले नव्हते. त्यांचे बालपण तेवढे निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या आसपास गेले होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली एका खटल्याच्या निकालात असे सांगितले, की अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यातील प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद तो कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे, किंवा त्याने काम सोडल्यापासून पंधरा वर्षे, ह्यांतील जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवावी. चाळीस वर्षे जपावयाची ही वही पाहिली म्हणजे रोगाची चाल लक्षात येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे कामाच्या ठिकाणी झालेल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या संसर्गामुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसे मरतात. साठाहून अधिक देशांनी त्याचा वापर बंद केला आहे. ब्रिटनने १९९९ साली, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस, युरोपीय संघाने २००५ साली ही बंदी पुरी केली. आपल्या देशात पांढऱ्या जातीच्या अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे अजून तयार होतात व विकले जातात. त्यासाठी लागणारा तंतू रशिया, कझाकस्तान अशा देशांतून येतो. म्हणून इंग्लंडमधील मनुष्य ‘माझे घर २००० नंतर बांधलेले आहे, मला काळजी नाही’ असे म्हणू शकतो, आपणांस तसे म्हणता येत नाही. आपल्या येथे जुने घर तर तपासलेच पाहिजे, पण नव्या पडवीचेही छप्पर पाहिले पाहिजे.

मग ओळखावे कसे? पहिली ओळख जाडीची. लोखंडी पत्रा कागदी पुठ्ठ्यासारखा पातळ असतो. हा मात्र सुमारे सहा मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीपेक्षा किंचित कमी, इतका जाड असतो. रंग करडा, जुना झाला म्हणजे पावसाने काळवंडतो आणि त्यावर शेवाळ धरते. त्याला गंज चढत नाही व लोहचुंबक चिकटत नाही. पावसात कान द्यावा: लोखंडी पत्र्यावर ताशा वाजतो, ह्याच्यावर बद्द आवाज येतो. एखादा कोपरा पूर्वीच तुटलेला असेल तर त्या कडेला बारीक केसाळ धागे दिसतात. ते लांबूनच पाहावेत. ओळख पटविण्यासाठी पत्रा मुद्दाम मोडून पाहणे म्हणजे साप विषारी आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याच्या तोंडात बोट घालण्यासारखे आहे.

छपराखेरीज इतर ठिकाणीही ही वस्तू दडलेली असते. छपरावरून पाणी खाली आणणाऱ्या करड्या जाड पन्हळी व नळ, संडासाच्या वरची वायू जाण्याची नळी, गच्चीवरील जुनी चौकोनी पाण्याची टाकी, छताला ठोकलेले सपाट तक्ते, न्हाणीघराचा आडोसा, भट्टीच्या दारातील दोरी, ही सर्व तपासण्यासारखी ठिकाणे होत. शाळेच्या जुन्या प्रयोगशाळेत चंचुपात्राखाली ठेवावयाची तारेची जाळी असते. तिच्या मधोमध जो पांढरा गोल थर दिसतो तोही पूर्वी ह्याच तंतूचा असे. हल्ली तेथे दुसरे पदार्थ वापरतात. तथापि जुन्या जाळीचा थर भुसभुशीत होऊन गळू लागला असेल तर ती गोष्ट शिक्षकांच्या कानावर घालावी.

एवढे करूनही डोळ्यांनी पक्का निर्णय होत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. दुसऱ्या, निरुपद्रवी तंतूंचे पत्रेही बाजारात मिळतात आणि ते दिसावयास अगदी असेच असतात. खात्री करावयाची तर नमुना प्रयोगशाळेत विशेष सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो, आणि तो नमुना घेणे हे जाणकाराचे काम आहे. ज्याला ते शक्य नाही त्याने संशयाचा फायदा पत्र्याला देऊ नये. तो अ‍ॅस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चालावे.

हे वाचून आज रात्री आपल्या छपराकडे पाहून कोणाला झोप येईनाशी होईल, तर ते मात्र योग्य नव्हे. पत्र्यातील तंतू सिमेंटने घट्ट धरून ठेवलेला असतो. अखंड, न तुटलेला, न खरवडलेला पत्रा आपल्या जागी निमूट बसलेला असतो तोवर त्यातून फारच थोडे तंतू सुटतात. धोका त्या वस्तूच्या असण्यात जितका आहे त्याहून अधिक तिच्या धुळीत आहे, आणि ती धूळ बहुधा आपणच उडवितो. ज्या अ‍ॅस्बेस्टॉसला सिमेंटने धरलेले नसते, जो नुसताच कापसासारखा पिंजून भरलेला असतो, तो फार भयंकर. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथे १९६८ ते १९७९ ह्या काळात घरे उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार राहावीत म्हणून सुमारे हजार घरांच्या छतांवर असा सुटा तंतू भरण्यात आला. पुढे सरकारने खर्च करून छते साफ केली. तरी भिंतींच्या पोकळीत तंतू उरलेच. अखेर २०१४ साली ती हजाराहून अधिक घरे सरकारने विकत घेऊन पाडून टाकण्याचे ठरविले. घर शाबूत, दारेखिडक्या शाबूत, अंगणातली झाडे बहरलेली, आणि तरी राहता येत नाही! आपल्या सिमेंटच्या पत्र्याची गोष्ट इतकी कठीण नाही.

म्हणून त्याला शक्य तोवर छेडू नये, हाच पहिला नियम. त्याला भोक पाडणे, करवतीने कापणे, कानसणे, तारेच्या ब्रशाने शेवाळ घासणे, पाण्याचा जोरदार फवारा मारणे, ह्यांपैकी काहीही करू नये. दूरचित्रवाणीची तबकडी बसविण्यासाठी किंवा पंखा टांगण्यासाठी घरातील मोठी माणसे छिद्रयंत्र हाती घेतात, तेव्हा त्यांना आठवण करून द्यावी. त्यांना राग आला तरी द्यावी. पत्रा जुना असून पृष्ठभाग खडबडीत होऊ लागला असेल, पण तडा गेलेला नसेल, तर तो न घासता त्यावर रंगाचा दाट हात द्यावा, म्हणजे तंतू आतच दबून राहतात. खाली पडलेली भुकटी कोरड्या केरसुणीने झाडू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे, पुन्हा धुऊन वापरू नये.

मुलांनो, काही गोष्टी विशेषतः तुमच्याशी संबंध असलेल्या आहेत. लगोरीच्या चकत्या किंवा ठिकरी म्हणून ह्या पत्र्याचे तुकडे घासून गोल करण्याची काही ठिकाणी चाल आहे. त्याऐवजी कौलाची खापरी घ्यावी, ती खेळावयासही अधिक चांगली. त्याचा तुकडा शेकोटीत किंवा होळीत टाकला म्हणजे तो फटाक्यासारखा फुटतो व त्याचे तुकडे चहूकडे उडतात. ही गंमत नव्हे. त्यात तोंडावर इजाही होते आणि तंतूही मोकळे होतात. आणि चेंडू अथवा पतंग छपरावर अडकला तर वर चढू नये. हा पत्रा कितीही जाड दिसला तरी ठिसूळ असतो. उन्हापावसाने जुना झालेला पत्रा माणसाच्या भाराने एकदम, कसलीही सूचना न देता फुटतो. ज्या तंतूने इजा होण्यास तीस वर्षे लागतात त्याची भीती बाळगावयाची आणि ज्या छपरातून क्षणात खाली पडून प्राण जातो त्यावर निर्धास्त चालावयाचे, हे विचित्रच म्हटले पाहिजे. मृगापूर्वी गळती बंद करण्यासाठी चढणारे कारागीरही ह्याच कारणाने पत्र्यावर थेट पाय न ठेवता खालच्या वाशांवर आडव्या फळ्या टाकून त्यांवरून चालतात.

पत्रा फुटला, वादळाने उडाला किंवा घर नव्याने बांधावयाचे झाले, तर तो उतरवावाच लागतो. हे काम माहीतगार माणसांकडून आणि वारा पडलेल्या दिवशी करून घ्यावे. घरातील मुले व वृद्ध ह्यांना त्या वेळी दुसरीकडे पाठवावे. अंथरुणे, भांडी, धान्य बाहेर काढावे किंवा झाकून ठेवावे, आणि खिडक्या बंद कराव्यात. साबणाचे थेंब टाकलेल्या पाण्याने पत्रा आधी हलकेच भिजवावा, कारण ओली धूळ उडत नाही. गंजलेले आकडे तेल घालून सैल करावेत, पत्रा हिसडून ओढू नये. तो वरून फेकू नये. अखंडच्या अखंड हातोहात खाली उतरवावा. काम करणाऱ्याने तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, औषधाच्या दुकानातील पातळ मुखपट्टीनेही भागत नाही. बारीक कण अडविणारी, चेहऱ्याला घट्ट बसणारी गाळणीची मुखपट्टी लागते. उतरविलेले पत्रे व तुकडे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून, वर मोठ्या अक्षरांत ‘अ‍ॅस्बेस्टॉस – फोडू नये’ असे लिहावे, आणि शहरात महानगरपालिकेकडे व गावात ग्रामपंचायतीकडे चौकशी करून त्या सांगतील तेथेच पोहोचवावे. आपल्याकडे असे तुकडे नदीकाठी टाकतात, रस्त्याच्या खड्ड्यांत भरतात, नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात. तसे केल्याने ते चाकांखाली आणि पायांखाली भरडले जातात, आणि आपल्या दारातली धूळ दुसऱ्याच्या दारात जाते.

संध्याकाळी काम संपल्यावर त्या माणसांनी अंगावरचे कपडे घरी नेण्यापूर्वी बदलावेत. पूर्वी कारखान्यांतील कामगार धुळीने माखलेले कपडे तसेच घरी नेत. ते धुणाऱ्या त्यांच्या बायका आणि दारात बापाच्या गळ्यात पडणारी मुले, ज्यांनी कारखान्याचे फाटकही पाहिले नव्हते, त्यांच्यापैकी कित्येकांना पुढे हाच आजार झाल्याची नोंद आहे. कपडे काढताना ते झटकू नयेत. ओले करून वेगळ्या बादलीत भिजत घालावेत, इतरांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत, आणि ते पाणी अंगणात न शिंपडता मोरीत सोडावे.